मदत हवी आहे: सर्दी-खोकल्याचं औषध घरी करायचंय, पण घरात बीपीचे पेशंट आणि 8 महिन्यांचं बाळ आहे

मंडळी, थंडी पडली की आमच्याकडे एकाचा खोकला बरा होतो तोवर दुसऱ्याचा सुरू, आणि दर वेळी मेडिकलमधून सिरपची बाटली नि गोळ्यांची स्ट्रिप आणून महिन्याचं बजेट पार कोलमडतं, म्हणून यंदा काष्ठौषधीच्या दुकानातून सामान आणून घरीच करायचं ठरवलंय.

सितोपलादी म्हणजे खोकल्याचं आयुर्वेदिक चूर्ण, त्याचं प्रमाण माहितीये: खडीसाखर 16 भाग, वंशलोचन (बांबूच्या पोकळीत मिळणारा पांढरा पदार्थ) 8, पिंपळी 4, वेलदोडा 2, दालचिनी 1, सगळं वेगवेगळं कुटून वस्त्रगाळ करायचं. पण वंशलोचनाचा भाव ऐकून घाबरलेच! कोणी घरी केलंय का, तयार डबीपेक्षा खरंच स्वस्त पडतं का?

काढा रोज होतोच, गवती चहा, आलं, तुळस, चार मिरी, अडुळशाची पिकलेली पिवळी पानं आणि ज्येष्ठमधाची कांडी. सासऱ्यांना तो फार आवडतो, दिवसातून तीनदा मागून घेतात, पण त्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि शेजारच्या काकू म्हणाल्या ज्येष्ठमध देऊ नकोस. खरं आहे का?

आणि बाळाचं नाक चोंदलंय. सासूबाई म्हणतात मधात चूर्ण कालवून चाटव. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपमुळे लहान मुलं गेली तेव्हापासून सिरपचीही धास्ती वाटते. काय करू? प्लीज लवकर सांगा.

प्रतिसाद:
ताई, आधी बाळाचं. वर्षाच्या आत मध अजिबात नको, बोटाने चाटवायलाही नको, त्यातून बोटुलिझम (जिवाणूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार) होऊ शकतो आणि मध गरम करूनही धोका जात नाही. चूर्ण, काढा, सिरप काहीच मनाने देऊ नका. नाकात सलाईनचे थेंब घाला, स्वस्त असतात. धाप लागली, बरगड्यांखाली खळगा पडायला लागला किंवा दूध पीत नसेल तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.

काकूंचं बरोबर आहे. ज्येष्ठमधाने बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं. सासऱ्यांचा काढा त्याशिवाय करा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन हे चोंदलेलं नाक मोकळं करायचं औषध असतं, त्यानेही बीपी चढू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय सासऱ्यांना देऊ नका. त्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉलही असतंच, वर तापाची वेगळी गोळी दिली की डबल डोस होतो. स्ट्रिपच्या मागे वाचत जा, एक गोळी कमी लागली तर पैसेही वाचतात.

वंशलोचनात भेसळ फार, त्यामुळे सितोपलादी मी तरी तयारच आणते.