बिघडलेल्या डीव्हीडी रायटरच्या जागी स्वस्तातला कोणता घ्यावा: आतला की बाहेरचा?

ट्रेबाहेर (धागाकर्ता)

टॉवर कॅबिनेटचा घरचा संगणक, त्यातल्या रायटरने मान टाकलेली, आणि नव्यावर फार पैसे घालायचे नाहीत. अशा वेळी सरसकट सल्ला मिळतो की यूएसबीचा बाहेरचा स्लिम रायटर घ्या आणि मोकळे व्हा. माझं मत उलट आहे. कॅबिनेटला ५.२५ इंची बे (रायटर बसवायचा समोरचा कप्पा) असेल तर आतला साटा (मदरबोर्डला केबलने थेट जोडायचा) रायटरच घ्यावा.

पहिलं कारण वीज. आतल्या रायटरला एसएमपीएसकडून (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायकडून) ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट मिळतात. स्लिम रायटर सगळं काम यूएसबीच्या ५ व्होल्टवर उरकतो. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतो. चकती वेग घेताना आणि लेझर पूर्ण ताकदीवर असताना मागणी याच्या वर जाते. व्होल्टेज पडतं, रायटर मधेच डिस्कनेक्ट होतो आणि कोरी डीव्हीडी वाया जाते.

दुसरं कारण बांधणी. स्लिम रायटरमध्ये मोटर आणि लेन्स दोन्ही ट्रेवरच असतात, ट्रे उघडला की लेन्स उघड्यावर येते. चकती बोटाने दाबून कळीवर बसवावी लागते, नीट बसली नाही तर घरघर आणि चुका. आतल्या रायटरमध्ये लेन्स पेटीतच राहते आणि वरून चुंबकाचा क्लॅम्प चकती धरतो.

वेग मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. आतले १६ ते २४एक्स (एक्स म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या किती पट), स्लिम बहुतेक ८एक्स.

दोरीवरचा उंदीर

असहमत. विजेचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे आणि तो तुम्ही सोयीस्करपणे गाळलात. यूएसबी ३.० पोर्टला ९०० मिलिअँपिअर मिळतात. रायटर कॅबिनेटच्या पाठीमागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढच्या पॅनेलला नको, बिनअडॅप्टरच्या हबला तर मुळीच नको, आणि एक्स्टेन्शन केबलही नको, कारण बारीक तारेत व्होल्टेज आणखी पडतं. तरीही अडखळला तर दोन यूएसबी टोकं असलेली वाय केबल वापरा. बहुतेक तक्रारी एवढ्यावर मिटतात.

वेगाचंही गणित करू. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी. पूर्ण ४.७ जीबीची चकती १६एक्सवर साधारण ५-६ मिनिटांत होते, ८एक्सवर ८-९ मिनिटांत. १६एक्स हा आकडा फक्त बाहेरच्या कडेला गाठला जातो, आतल्या कडेला सुरुवात ६-७एक्सलाच होते. त्या तीन मिनिटांसाठी कॅबिनेट उघडायचं?

बाहेरचा रायटर आज डेस्कटॉपला, उद्या लॅपटॉपला, परवा नव्या संगणकाला लागतो. नव्या कॅबिनेटांमध्ये ५.२५ इंची बे शोधून सापडत नाही. आतला घेणं म्हणजे जुन्या पेटीवर खर्च करणं.

पाना-पक्कड

तुम्ही दोघंही दुकानाच्या दिशेने निघालात. आधी रायटर खरंच मेलाय का ते बघा. कचऱ्यात जाणाऱ्यांतले बरेच चांगले असतात.

संगणक चालू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) रायटरचं नाव दिसतं का? दिसत नसेल तर साटा केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा, पॉवरचं दुसरं टोक वापरा. मदरबोर्डवर जादा चिपचे वेगळे साटा पोर्ट असतील तर ते टाळा, काहींना ऑप्टिकल ड्राइव्ह मानवत नाही. मुख्य चिपसेटच्या पोर्टला लावा.

बायोसमध्ये दिसतो पण विंडोजमध्ये गायब, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसोबत कोड १९ किंवा ३९? हा रायटरचा दोष नाही. एखादं बर्निंग सॉफ्टवेअर काढताना रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) 'अप्परफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नोंदी अर्धवट राहतात. रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या, सीडी-डीव्हीडीच्या क्लासखालच्या तेवढ्या दोन नोंदी काढा आणि रीस्टार्ट करा. त्या नोंदींवर चालणारं सॉफ्टवेअर नंतर पुन्हा टाकावं लागू शकतं.

सीडी वाचतो पण डीव्हीडी नाही, किंवा उलट? मग एक लेझर थकलाय. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा, दोन्ही वेगळे डायोड. असं झालं तर बदलाच.

ट्रे उघडत नाही, नुसता टकटक आवाज? आतला रबरी बेल्ट सैल झालाय किंवा त्याला तेलकटपणा आलाय. संगणक बंद करा, समोरच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपर क्लिप घालून ट्रे बाहेर ओढा. बेल्ट काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि परत बसवा. तरी घसरला तर त्याच व्यासाचा नवा टाका.

वाचतो पण राईट करताना अडकतो? लेन्स पुसा. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी जेमतेम ओली, अगदी हलक्या हाताने. लेन्स चार नाजूक तारांवर लटकलेली असते, जोर दिलात की कामच संपलं.

कोरी चकती

लेन्स पुसून धूळ जाते, लेझरचं वय जात नाही. राईट करायला वाचण्याच्या कित्येक पट ताकद लागते, म्हणून थकलेला डायोड आधी राईट सोडतो आणि मग वाचणं. पुसल्यावर चार चकत्या नीट निघतात आणि पाचवीपासून पुन्हा तेच, असं दिसलं तर ओळखायचं. लेझरची ताकद वाढवायला आतला छोटा प्रीसेट (पिळून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) पिळणारेही असतात. ते करू नका. डायोड थोडे दिवस चमकतो आणि मग कायमचा जातो.

पाना-पक्कड

प्रीसेटबद्दल पूर्ण सहमत. पण केबल आणि बेल्टला वय विचारू नका, ते बदलता येतात.

निळा किरण

बदलायचाच आहे तर डीव्हीडी रायटर कशाला? ब्लू-रे रायटर घ्या. तो सीडी, डीव्हीडी सगळं करतो आणि वर एका थरात २५ जीबी, दोन थरांत ५० जीबी. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेले असतात, पण विंडोजच्या मोजणीत ते ४.३८च दिसतात. ५० जीबीच्या फोटोंना बारा चकत्या लागतील. कोण बसणार बदलत?

ट्रेबाहेर

धाग्याच्या नावात 'स्वस्तातला' हा शब्द आहे, नम्रपणे लक्षात आणून देतो. ब्लू-रे रायटर डीव्हीडीवाल्याच्या काही पट महाग पडतो आणि त्याची कोरी चकतीही महाग. शिवाय सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रे चकत्यांचं उत्पादन थांबवलं. दुसरे उत्पादक आहेत, पण वारा कुठल्या दिशेचा ते कळतं. आणि विकतच्या ब्लू-रे चित्रपटाला वेगळं परवाना असलेलं प्लेअर सॉफ्टवेअर लागतं, नुसता रायटर बसवून चित्र दिसत नाही.

निळा किरण

चित्रपटांचं मी बोललोच नव्हतो, साठवणीचं बोलत होतो. ज्याला वर्षाकाठी चार डीव्हीडी करायच्या त्याला तुमचं म्हणणं लागू. ज्याला फोटो-व्हिडिओ ठेवायचेत त्याने डीव्हीडी रायटरवर घातलेला पैसा म्हणजे अर्धी वाट.

कोरी चकती

साठवणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. 'आत की बाहेर' यावर भांडताना चकती कुणीच बघत नाही. रायटरच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) ओळखीच्या चकत्यांच्या कोडची यादी असते आणि प्रत्येकीसाठी लेझरची ताकद व ठोक्यांची लांबी ठरलेली असते. चकतीचा कोड यादीत नसला की रायटर सर्वसाधारण पद्धत वापरतो, आणि तिथे चुका वाढतात. त्यामुळे वेष्टनावरच्या नावापेक्षा चकतीचा मीडिया कोड महत्त्वाचा. इमेजबर्न या बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये चकती घातल्यावर उजव्या बाजूला तो दिसतो.

नवा रायटर आला की परतीची मुदत संपायच्या आत ही चाचणी करा: पूर्ण भरेल इतका डेटा, ८एक्स वेग, राईटनंतर 'व्हेरिफाय' चालू. दोन वेगळ्या कोडच्या चकत्या वापरा. कडेपर्यंत भरणं गरजेचं आहे, कारण डगमग आणि चकतीचा वाकडेपणा बाहेरच्या कडेलाच त्रास देतात. रायटर चुका मोजून दाखवणारा असेल (सगळे दाखवत नाहीत) तर स्कॅनमध्ये पीआय (वाचताना आढळलेल्या लहान चुका) २८० च्या आत आणि पीआयएफ (त्यातल्या पहिल्या फेरीत दुरुस्त न झालेल्या) ४ च्या आत हवा. चांगल्या बर्नमध्ये पीआय दोन आकड्यांतच राहतो.

दोरीवरचा उंदीर

म्हणजे तुम्हीही ८एक्सच सांगताय! मग स्लिम रायटरने काय घोडं मारलं?

कोरी चकती

८एक्स ही स्लिमची कमाल मर्यादा आहे, आतल्यासाठी ती रमत-गमत चाल. बाहेरच्या कडेला चकती १६एक्सवर मिनिटाला नऊ हजारांच्या वर फेरे घेते, ८एक्सवर त्याच्या निम्मे. वजनदार चौकटीला निम्म्या फेऱ्यांवर काहीच कष्ट नाहीत, हलक्या पेटीला ते सगळं बळ. स्लिमवर जपून ठेवायच्या चकत्या ४एक्सने करा. साधारण १५ मिनिटं लागतील.

जोडाजोडी

मधला मार्ग सुचवतो. आतला पूर्ण आकाराचा साटा रायटर घ्या आणि लागेल तेव्हा साटा-यूएसबी अडॅप्टरने बाहेरून लावा. दोघांचंही समाधान.

पाना-पक्कड

इथेच लोक फसतात, म्हणून खुलासा. अडीच इंची हार्ड डिस्कसाठीचे अडॅप्टर फक्त ५ व्होल्ट देतात. पूर्ण आकाराच्या रायटरला १२ व्होल्ट नसले तर मोटर फिरत नाही. तेव्हा भिंतीत लावायचा १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर सोबत येतो तोच घ्या, निदान २ अँपिअरचा. शिवाय काही ब्रिज चिप (अडॅप्टरमधल्या, साटाचं यूएसबी करणाऱ्या) फक्त हार्ड डिस्क ओळखतात. वर्णनात ऑप्टिकल ड्राइव्ह चालतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

लॅपटॉपचा जुना स्लिम रायटर डेस्कटॉपला थेट लागत नाही, हेही सांगून ठेवतो. त्याचं डेटाचं टोक ७ पिनांचंच असतं, पण पॉवरचं १५ ऐवजी ६ पिनांचं. आणि लॅपटॉपमध्ये बदलताना जाडी मोजा, १२.७ मिलिमीटरच्या जागी ९.५ चा घेतला तर फट राहते.

आयडीईकर

चाळीस पिनांच्या पट्टीवाल्या, म्हणजे साटाच्या आधीच्या आयडीई संगणकांचं काय? तिथे साटा पोर्टच नाही.

ट्रेबाहेर

तिथे मी हार मानतो, बाहेरचा घ्या. नवा आयडीई रायटर शोधण्यात अर्थ नाही, आणि वापरलेल्याचा लेझर किती चाललाय ते बाहेरून कळत नाही. आयडीई-साटा कन्व्हर्टर मिळतात, पण मास्टर-स्लेव्हच्या जंपरपासून बायोसपर्यंत प्रत्येक पायरीवर ठेच लागते. फक्त इतके जुने बायोस बऱ्याचदा यूएसबी रायटरवरून बूट होत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टीम चकतीवरूनच टाकायची असेल तर जुना आयडीई ड्राइव्ह वाचण्यापुरता तरी जिवंत ठेवा.

दोरीवरचा उंदीर

चला, एक तरी विकेट पडली. आता खरेदीचंही बोला. एकाच कारखान्यातला रायटर वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. डिव्हाइस मॅनेजरमधलं ओळखनाव 'एचएल-डीटी-एसटी' ने सुरू झालं तर तो हिटाची-एलजीचा, 'पीएलडीएस' असेल तर फिलिप्स-लाइटऑनचा, 'टीएसएसटी' म्हणजे तोशिबा-सॅमसंगचा. आतला रायटर तोच असेल तर चकचकीत पेटीचे जादा पैसे कशाला द्यायचे? आणि डीव्हीडीची एम-डिस्क (खूप वर्षं टिकावी म्हणून बनवलेली चकती) वापरणार असाल तर रायटरवर तसा शिक्का हवाच. वाचायला तो लागत नाही, लिहायला लागतो.

ट्रेबाहेर

ओळखनावाचं मान्य. पण बे असलेल्या कॅबिनेटसाठी माझं मत तेच, आतला.

पाना-पक्कड

आतला घेतलात तर स्क्रू बघून लावा. रायटरला बारीक आट्यांचे एम३ लागतात, साडेतीन इंची हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे. ते जोर लावून पिळले की रायटरच्या पत्र्यातले आटे जातात. दोन्ही बाजूंना दोन-दोन लावा. एकाच बाजूला आवळला तर वेग घेताना सगळं कॅबिनेट गुणगुणतं.