महागडा फोन : किमतीचे चीज झाले का? (अनुभव धागा)

लाखाच्या घरातला फोन घ्यावा की वीस-पंचवीस हजारांत भागवावे, हा वाद कोल्हापुरात दुकानाच्या काउंटरपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे चालतो. त्यात घेणाऱ्याची हौस आणि न घेणाऱ्याचा तिटकारा एवढेच ऐकू येते. वॉरंटी संपल्यावर त्या पैशातून काय हाती उरले, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून ज्यांनी स्वतःच्या पैशाने असा फोन घेऊन वापरला आहे, किंवा ऐपत असूनही घेतलेला नाही, त्यांनी येथे लिहावे. फोनचे नाव सांगितले नाही तरी चालेल. काम काय पडते आणि पुन्हा तेवढे पैसे घालाल का, हे मात्र सांगावे.

मी कर सल्लागार असल्यामुळे माझी सुरुवात भागाकाराने होते. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा भारतात १,२९,९९९ रुपयांपासून आणला आणि सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. सातही वर्षे वापरला, तर वर्षाला सुमारे साडेअठरा हजार रुपये पडतात. वीस हजारांचा फोन तीन वर्षे वापरणाऱ्याला वर्षाला सात हजारही पडत नाहीत. शिवाय १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरील जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला असून, वरच्या किमतीत जवळजवळ वीस हजार रुपये कराचेच आहेत. जीएसटी नोंदणी असलेला व्यापारी फोन व्यवसायासाठी घेत असेल, तर त्याला या कराचे क्रेडिट मिळू शकते, म्हणजे हा कर त्याला स्वतःच्या देय जीएसटीतून वजा करता येतो. पगारदाराला ते मिळत नाही. त्यामुळे शेजारच्या दुकानदाराला परवडला म्हणून आपल्यालाही परवडेल, असे धरून चालू नये. मी स्वतः असा फोन घेतलेला नाही, कारण माझे काम एक्सेलच्या तक्त्यांवर आणि फोनाफोनीवर चालते.

सराफी पेढी, गुजरी

वर म्हटलेले क्रेडिट मला पेढीमुळे मिळाले, हे आधीच सांगतो. कोल्हापुरी साजाचे फोटो आम्हाला रोज बाहेरगावी पाठवावे लागतात. चंद्र, मासा, बेलपान, शंख ही साजातील पाने नखाएवढी असतात, आणि त्यांवरील नक्षी स्पष्ट दिसली नाही, तर पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक ‘प्रत्यक्ष आल्यावर बघू’ म्हणून विषय संपवते. आयफोन १३ प्रोची अल्ट्रावाइड लेन्स २ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस घेते, म्हणून तो घेतला. मात्र इतक्या जवळ नेल्यावर फोनचीच सावली दागिन्यावर पडते आणि सोन्यात काळा पट्टा उमटतो, हे दुकानदाराने सांगितले नव्हते. आता साज काचेच्या कडेला ठेवतो, ट्यूबलाइटसमोर बटर पेपर धरतो आणि फोन थोडा मागे घेऊन झूम करतो. दुसरी गोष्ट, व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि महाग कॅमेऱ्याची अर्धी कमाई तिथेच जाते. म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो. पुन्हा पैसे घालीन का? पेढीसाठी नक्कीच घालीन. घरच्या वापरासाठी सूनबाईंचा साधा फोन मला कुठेही कमी वाटत नाही.

फाउंड्री, शिरोली एमआयडीसी

आमच्याकडे ओतकामाच्या वेळी शेडमध्ये उभे राहवत नाही. महाग फोनच्या माहितीपत्रकातच तो ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असे लिहिलेले असते, आणि आमच्या शेडमध्ये ३५ अंश म्हणजे गारवा. कास्टिंगमधल्या दोषाचा फोटो काढायला गेलो की स्क्रीन मंद होते आणि थोड्या वेळाने ‘फोन थंड होऊ द्या’ असा इशारा येतो. स्वस्त फोनही तापतो, हे मान्य. पण तो वाळूच्या ढिगावर ठेवताना जीव खालीवर होत नाही. भारी फोन आता ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि मीटिंगपुरता बाहेर निघतो.

शिक्षिका, पंचगंगेजवळच्या भागातून

२०२१ च्या पुरात सामान वरच्या मजल्यावर नेताना माझा फोन जिन्यातल्या पाण्यात पडला. आयपी६८, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाच्या चाचणीत मिळालेला दर्जा, असल्यामुळे मी निर्धास्त होते, आणि तो चालूही राहिला. पण माइकमध्ये गाळ बसला आणि पलीकडच्यांना माझा आवाज ऐकू येईना. सेवा केंद्रात सांगण्यात आले, की ही चाचणी प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात होते आणि पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही. तसे छापलेलेही होते, अगदी बारीक अक्षरात. जाहिरातीत मात्र पोहण्याचा तलाव दाखवतात. पुन्हा घेणार नाही.

सेवानिवृत्त, कळंबा

चिरंजीवांनी ‘नो कॉस्ट’ हप्त्यावर घेतला. त्यात व्याजाएवढी सूट दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. रक्कम मोठी नाही, पण ‘नो कॉस्ट’ हे नाव खोटे ठरवायला पुरेशी आहे. फोनबद्दल चिरंजीव स्वतः लिहितील, हप्ते संपल्यावर.

मोबाईल दुरुस्ती, राजारामपुरी

वरचे सगळे वाचले. एक गोष्ट राहिली, ती म्हणजे फोन पडल्यानंतरचा खर्च. भारी फोनची मूळ स्क्रीन बदलण्याचा आकडा ऐकून निम्मी गिऱ्हाइके फोन परत खिशात घालतात आणि तडा गेलेलाच वापरतात. बाहेरची स्क्रीन टाकता येते, पण काही फोन असा बाहेरचा भाग ओळखतात, सेटिंगमध्ये इशारा दाखवतात आणि काही सोयी बंद करतात. म्हणून किमतीचा विचार करताना एका स्क्रीनचा खर्च त्यात आधीच मिळवावा. बॅटरीचे मात्र सुधारले आहे : आयफोन १४ पर्यंत ५०० चार्ज सायकलनंतर (पूर्ण बॅटरीएवढा वापर म्हणजे एक सायकल) ८० टक्के क्षमता धरली जात असे, १५ पासून ती १००० सायकलवर गेली आहे.

मी स्वतः कोणीतरी दोन वर्षे वापरून बदललेला भारी फोन घेतो. पहिल्या दोन वर्षांत किमतीची सर्वांत मोठी घसरण होऊन गेलेली असते आणि सात वर्षांच्या अपडेटपैकी पाच शिल्लक असतात. असा फोन घेताना मूळ बिल मागावे, *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पाहावा आणि ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तो तपासूनच पैसे द्यावेत. बिल हरवले म्हणणाऱ्याला ‘सापडल्यावर या’ म्हणावे.