सड्यावरचा सरडा

पवनचक्क्यांखाली सरडे वाढले म्हणजे त्यांचं बरंच चाललंय, असं काही जण म्हणतात. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचा, २०१८ सालचा अभ्यास पाहिला तर गोष्ट एवढी सरळ नाही. पात्यांमुळे शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी झाले, म्हणून सरड्यांची दाटी वाढली, हे खरं. पण तेच सरडे अंगाने बारीक निघाले आणि नरांचे रंगही फिके! खाणारी तोंडं वाढली की दुसरं काय होणार?

हा रंग एकदा बघाच. पावसाआधीच्या उन्हात नर एखाद्या दगडावर चढून बसतो आणि गळ्याखालची घडी पंख्यासारखी उलगडतो. निळा, काळा, शेंदरी, अगदी झगझगीत. क्षणात मिटवतो, पुन्हा उघडतो. मादी मात्र मातकट, शेजारी असली तरी पटकन दिसत नाही. २०१६ मध्ये या सरड्यांची वेगळी प्रजाती ठरली आणि शास्त्रज्ञांनी तिच्या वंशाला, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटाला, नावही आपलं मराठीच दिलं, 'सरडा'.

सड्यावर झाडं लावा म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. सडा उजाड दिसतो म्हणून तो पडीक नव्हे. या सरड्याला उघडा कातळ, विरळ गवत आणि रणरणतं ऊनच लागतं. तिथे सावली केलीत तर तो बसणार कुठे? खाणी आणि रस्ते थांबवता आले तर बघा, झाडांसाठी खड्डे खणायला जाऊ नका.