मदत हवी आहे: महामंडळाच्या अध्यक्षांना ‘ना.’ (नामदार) लावायचं का? त्यांचा राज्यमंत्री दर्जा अजून आहे की गेला, कसं कळेल?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये सातपूरला एका पतसंस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. सोमवारी पत्रिका छपाईला जाईल आणि कोनशिलेचा मजकूरही त्याच दिवशी कारागिराला द्यायचा आहे. पत्रिका चुकली तर पुन्हा छापता येते, दगडाचं तसं नाही, म्हणून आधीच विचारतोय.

पाहुणे असे: राज्याचे एक कॅबिनेट मंत्री, एका महामंडळाचे अध्यक्ष, खासदार, स्थानिक आमदार आणि विभागीय आयुक्त. अध्यक्षांना नेमणुकीच्या वेळी राज्यमंत्रिपदाचा दर्जा मिळाला होता. त्यानंतर निवडणूक झाली, नवं मंत्रिमंडळ आलं. अध्यक्ष मात्र तेच आहेत. संचालकांपैकी काहींना ‘मा. ना.’ हवं आहे, काही म्हणतात दर्जा सरकारबरोबरच गेला.

१) दर्जा टिकून आहे का, हे कुठे बघायचं?
२) नावापुढे काय लिहायचं?
३) खासदार आधी की अध्यक्ष?

---

शिष्टाचार_शाखा
तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका कागदात आहेत, तो म्हणजे नेमणुकीचा शासन निर्णय. दर्जा माणसाला चिकटत नाही, आदेशाला चिकटतो. त्यामुळे लोक काय म्हणतात ते सोडा आणि आधी तो कागद मिळवा.

राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ विभागात जा. महामंडळ ज्या खात्याखाली येतं ते खातं निवडा आणि अंदाजे तारखा टाकून शोधा. तिथे नाही मिळालं तर सामान्य प्रशासन विभागाखाली बघा, कारण कधी नेमणुकीचा आदेश एका खात्याचा असतो आणि दर्जाचा वेगळा निघतो. पुष्कळांची चूक इथेच होते. नेमणुकीच्या आदेशात दर्जाचा शब्द सापडला नाही की दर्जाच नाही असं धरतात. प्रत्येक शासन निर्णयाला १८ अंकी संकेतांक असतो, त्यातले पहिले ८ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कोणी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर तो संकेतांक संकेतस्थळावर टाकून बघा. सापडला नाही तर त्या फोटोवर विसंबू नका.

कागद हातात आल्यावर चार गोष्टी वाचा:

मुदत. वर्षं दिली आहेत, की पुढील आदेशापर्यंत म्हटलंय, की सरकारच्या कार्यकाळाशी जोडलंय? सरकार बदललं म्हणून दर्जा आपोआप जात नाही. आदेश कार्यकाळाशी जोडलेला असेल तरच तो त्याबरोबर संपतो. नाहीतर नवं सरकार रद्द करण्याचा स्वतंत्र आदेश काढतं. तो निघालाय का, हेही त्याच ठिकाणी शोधा.

दर्जा की फक्त सोयीसुविधा. वाहन, मानधन, कार्यालयीन कर्मचारी एवढंच लिहिलं असेल तर तो दर्जा नव्हे. दोन्ही लिहिलं असेल तर प्रश्न नाही.

अग्रक्रमाचा, म्हणजे समारंभात कोणाचं स्थान आधी याचा उल्लेख. तुमचा तिसरा प्रश्न यावर ठरेल. पदांचा अग्रक्रम राष्ट्रपती सचिवालयाच्या २६ जुलै १९७९ च्या अधिसूचनेत आहे, त्यात पुढे दुरुस्त्या होत गेल्या. त्यात राज्याचा कॅबिनेट मंत्री आपल्या राज्यात १५ व्या क्रमांकावर, राज्यमंत्री आपल्या राज्यात १८ व्या, खासदार २१ व्या. राज्याबाहेर गेलं की तोच कॅबिनेट मंत्री १८ वर येतो. आदेशात अग्रक्रमही राज्यमंत्र्याचा असं स्पष्ट असेल तर अध्यक्ष खासदारांच्या आधी. नसेल तर खासदार आधी घ्या, त्यात कोणाचाच अवमान होत नाही.

चौथं, सही कोणत्या विभागाची आणि नाव कोणाचं. पूर्वीच्या अध्यक्षांना मिळालेला दर्जा नव्या अध्यक्षांकडे आपसूक येत नाही, पदालाच दर्जा दिला असेल तर गोष्ट वेगळी.

‘ना.’ म्हणजे नामदार. ही आपल्याकडची रूढी आहे, कायद्यातली पदवी नाही. ती शपथ घेतलेल्या मंत्र्यांना आणि विधिमंडळाच्या सभापती-अध्यक्षांना लावतात. दर्जा असलेली व्यक्ती पद व गोपनीयतेची शपथ घेत नाही, मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसत नाही, मंत्री म्हणून सभागृहाला उत्तर देत नाही. म्हणून ‘मा. श्री. …, अध्यक्ष, … महामंडळ (राज्यमंत्री दर्जा)’ असं लिहा. ‘राज्यमंत्री’ एवढंच छापलंत तर ती चुकीची माहिती ठरेल.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. अधिसूचनेतला क्रम शासकीय आणि समारंभाच्या प्रसंगांसाठी आहे. पतसंस्थेच्या खासगी कार्यक्रमाला तो बंधनकारक नाही, पण मंत्री येत असताना तोच धरलेला बरा.

---

गोदाकाठ
शासन निर्णय सापडला, संकेतांकही जुळला. राज्यमंत्रिपदाचा दर्जा व अनुषंगिक सोयीसुविधा, पुढील आदेशापर्यंत, असं आहे. अग्रक्रमाबद्दल काही नाही. रद्द केल्याचा आदेश शोधला, मिळाला नाही. शिवाय एक संचालक विचारतात, अध्यक्षांच्या गाडीला झेंडा आणि लाल दिवा असेल तर पार्किंग वेगळं ठेवायचं का?

---

शिष्टाचार_शाखा
मग दर्जा कायम धरा, पण क्रमात खासदार आधी. खात्रीसाठी अध्यक्षांच्या स्वीय सहायकांकडून दौरा कार्यक्रम लेखी मागवा. त्याच्या माथ्यावर पदनाम जसं छापलं असेल तसंच पत्रिकेत घ्या. त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलिसांकडेही जाते, म्हणजे सगळीकडे एकच पदनाम राहतं. राहण्याची सोय गोल्फ क्लबच्या शासकीय विश्रामगृहात हवी असेल तर आरक्षणही त्याच कागदावर होईल.

लाल दिवा १ मे २०१७ पासून कोणाच्याच गाडीवर नाही, मंत्र्यांच्याही नाही. गाडीवर तिरंगा कोण लावू शकतो याची यादी २००२ च्या ध्वजसंहितेत पदवार दिली आहे. केवळ दर्जा असलेले त्यात येत नाहीत.

---

वकील_शरणपूररोड
एक गोष्ट कोणी विचारली नाही, पण नीट समजून घेण्यासारखी आहे. अध्यक्ष स्वतः आमदार किंवा खासदार असतील तर दर्जा त्यांच्या सदस्यत्वावर उठू शकतो. घटनेच्या अनुच्छेद १०२ आणि १९१ प्रमाणे लाभाचं पद, म्हणजे ज्यातून आर्थिक लाभ मिळू शकतो असं सरकारी पद धारण करणारा सदस्य अपात्र ठरतो, कायद्याने त्या पदाला सूट दिलेली नसेल तर. महाराष्ट्रात आमदारांना ही सूट १९५६ च्या अनर्हता निवारण अधिनियमातून मिळते.

जया बच्चन यांचं प्रकरण बघा. १४ जुलै २००४ च्या आदेशाने उत्तर प्रदेश सरकारने त्यांना चित्रपट विकास परिषदेचं अध्यक्षपद दिलं, कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा दिला, महिना ५,००० रुपये मानधन ठरवलं. त्या तेव्हा राज्यसभेच्या सदस्य होत्या. मानधन घेतलंच नाही हा त्यांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २००६ ला फेटाळला. पैसे उचलले का हा प्रश्नच नाही, ते मिळण्याची तरतूद असणं पुरेसं, असं न्यायालयाने सांगितलं. सदस्यत्व गेलं.

सरकारं दर्जा का वाटतात, तेही यातच दडलंय. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर बांधली. आपल्या २८८ च्या सभागृहात मुख्यमंत्र्यांसह ४३. त्यापलीकडे कोणाला सामावून घ्यायचं तर महामंडळ आणि दर्जा. न्यायालयांनी याला अनेकदा चाप लावला आहे. गोव्यात संसदीय सचिवांना, म्हणजे मंत्र्यांच्या मदतीला नेमलेल्या आमदारांना मंत्र्याचा दर्जा देऊन केलेल्या नेमणुका मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केल्या. आसामचा संसदीय सचिवांचा कायदाच सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घटनाबाह्य ठरवला. मला हे निकाल फार मोलाचे वाटतात, कारण मर्यादा कागदावर ठेवून मागच्या दाराने मोडायची असेल तर घटनादुरुस्तीला अर्थ उरत नाही.

---

अभ्यासिका_कॉलेजरोड
इथेच विचारते. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांना कॅबिनेट दर्जा आहे असं वाचलं. तो त्या पदाचाच असतो का? आणि विरोधी पक्षनेत्यांचा कसा जातो?

---

शिष्टाचार_शाखा
ताई, सल्लागारांचा दर्जा नेमणुकीच्या आदेशातून येतो. २०१४ मध्ये अजित डोवाल यांना राज्यमंत्र्याचा दर्जा होता, २०१९ मध्ये कॅबिनेट मंत्र्याचा केला, २०२४ च्या फेरनेमणुकीत तोच ठेवला. २०२४ च्या आदेशात अग्रक्रमाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि मुदत पंतप्रधानांच्या कार्यकाळाशी किंवा पुढील आदेशाशी जोडली आहे. वर म्हटलेल्या गोष्टी तिथे एकत्र दिसतील.

विरोधी पक्षनेत्यांचं उलट आहे. त्यांच्या पदाला कायद्याचा आधार आहे, केंद्रात १९७७ चा आणि राज्यात १९७८ चा. पण मान्यता सभागृहाचे अध्यक्ष देतात आणि त्यासाठी सभागृहाच्या दहाव्या हिश्शाचं संख्याबळ बघण्याची प्रथा आहे. लोकसभेत २०१४ ते २०२४ हे पद रिकामं होतं. आपल्या विधानसभेत २०२४ च्या निकालात कोणत्याच विरोधी पक्षाला २९ जागा नव्हत्या. पदच भरलं गेलं नाही तर दर्जा कोणाला मिळणार?

पदच संपलं तरी दर्जा संपतो. नियोजन आयोग मंत्रिमंडळाच्या ठरावाने १९५० मध्ये आला आणि ठरावानेच जाऊन १ जानेवारी २०१५ ला नीती आयोग आला. त्याच्या उपाध्यक्षांना कॅबिनेट दर्जा नव्याने द्यावा लागला.

अग्रक्रमातली परीक्षेत हमखास चुकणारी जोडी: केंद्रीय कॅबिनेट मंत्री सातवा, कॅबिनेट सचिव अकरावा. सचिव हा सनदी अधिकारी, त्याच्याशी बरोबरी म्हणजे मंत्रिपदाचा दर्जा नव्हे.

---

वकील_शरणपूररोड
सचिवांशी बरोबरीच्या उदाहरणात माहिती आयुक्तही घ्या, राज्य माहिती आयोगाचं नाशिकला खंडपीठ आहेच. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात राज्य माहिती आयुक्तांची बरोबरी मुख्य सचिवांशी होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती काढली आणि मुदत-वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे गेला. नियमांनी मुदत ५ वरून ३ वर्षं केली, वेतन २,२५,००० ठरवलं. कायद्यातलं स्थान नियमात आलं की पुढे बदलायला संसदेत कायदा दुरुस्त करावा लागत नाही.

---

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. दौरा कार्यक्रम आला, त्यावर ‘अध्यक्ष (राज्यमंत्री दर्जा)’ असंच आहे. पत्रिकेचा क्रम असा ठेवतोय:

उद्घाटक: मा. ना. …, मंत्री, महाराष्ट्र राज्य
अध्यक्षस्थान: मा. खा. …
प्रमुख पाहुणे: मा. श्री. …, अध्यक्ष, … महामंडळ (राज्यमंत्री दर्जा), मा. आ. …
विशेष उपस्थिती: मा. विभागीय आयुक्त, नाशिक

कोनशिलेवर हेच कोरायचं का?

---

शिष्टाचार_शाखा
मंत्र्यांचं खातं लिहा, नुसतं ‘मंत्री’ नको. आयुक्तांचं नाव घाला आणि ‘नाशिक विभाग, नाशिक’ असं पूर्ण पदनाम द्या. कोनशिलेवर कंसातला दर्जा घेऊ नका, ‘अध्यक्ष, … महामंडळ’ आणि खाली तारीख. पत्रिकेवर कंस राहू द्या. कारागिराला मजकूर देण्याआधी सोमवारी सकाळी संकेतस्थळावर एकदा पुन्हा बघा. नेमणुका रद्द करणारे आदेश कधीकधी शुक्रवारी संध्याकाळी उशिरा निघतात.