'आउट' ह्या शब्दाने तुम्हाला कुठे अडवलं? अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात बाबांचं जुनं कपाट आवरताना एक पत्र सापडलं आणि तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून विचारतेय. १९९४ साल, मी पाचवीत, इंग्रजी नुकतंच सुरू झालेलं. बाबांनी विहिरीवरच्या मोटारीसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं. एक दिवस इंग्रजीत टाइप केलेलं पत्र आलं, खाली जांभळा शिक्का. बाबा नुकतेच शेतातून आलेले, हाताला चिखल, तसंच त्यांनी ते माझ्यापुढे धरलं आणि कोपऱ्यावर अंगठा उठला, तो अजून आहे त्या कागदावर. मला त्यातला एकच शब्द ओळखता आला, आउटस्टँडिंग. माझ्या चित्रकलेच्या वहीवर बाईंनी लाल पेनाने लिहिलेला तोच. मी म्हटलं, बाबा, ते आपल्याला उत्तम म्हणतायत. त्यांनी पत्र नीट घडी घालून कपाटात ठेवलं. तीन महिन्यांनी वसुलीवाला दारात, वर दंडव्याज. मला कुणी एक शब्द बोललं नाही पण मला ते आजही लागतं. आता मी हिशेबाचंच काम करते, आउटस्टँडिंग रोज टाइप करते आणि प्रत्येक पत्रात त्याच्यापुढे मराठीत 'थकबाकी' लिहितेच.

तुमचंही असं काही असेल तर लिहा ना.

———

वाचून पोटात कालवलं ताई. माझं त्या मानाने साधं आहे. आजोबा नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावर माळी होते आणि आम्ही सगळे मागच्या आउटहाउसमध्ये राहायचो. दोन खोल्या, पुढे पारिजातक, माझं सगळं बालपण तिथलं. नंतर नोकरीसाठी ओहायोला गेलो, पहिल्याच महिन्यात जेवणाच्या सुट्टीत लहानपणीचा विषय निघाला आणि मी अगदी प्रेमाने सांगितलं की मी आउटहाउसमध्ये वाढलो. टेबलावर एकदम शांतता. तिकडे आउटहाउस म्हणजे घरापासून लांब, खड्ड्यावर बांधलेली लाकडी संडासाची खोपटी! शेजारच्या बाईंनी नंतर हळूच विचारलं तेव्हा मला कळलं. मग मी मोबाइलमधला त्या घराचा जुना फोटो शोधून सगळ्यांना दाखवला, कारण त्या दोन खोल्यांबद्दल कुणाच्या मनात भलतं चित्र राहू नये असं मला फार वाटत होतं.

———

मी नर्स आहे, लीड्सला. इंटरव्ह्यूत सांगितलं, २००९ ला पास आउट झाले. समोरच्या बाईंनी काळजीने विचारलं, आता बरं वाटतंय ना? तिथे पास आउट म्हणजे चक्कर येऊन शुद्ध हरपणे. गंमत म्हणजे (खरंतर गंमत नाही, मला रडू यायचं बाकी होतं) माझा भाऊ खडकवासल्याला एनडीएत होता, त्याची पासिंग आउट परेड आम्ही डोळे भरून पाहिलेली, आणि सैन्यापुरता तो अर्थ ब्रिटनमध्येही चालतो. म्हणजे आपण चुकीचं बोलत नाही, फक्त परेडवरचा शब्द कॉलेजात आणलाय.

———

फॉर्म फिल इन आणि फिल आउट दोन्हींचा अर्थ एकच, भरा. आत काय नि बाहेर काय! दहावीच्या मुलाला हे समजावताना माझीच दमछाक झाली.

———

मी झेडपीच्या शाळेवर शिकवतो, नंदुरबारकडे. एका मुलीने 'द लाइट्स आर आउट' चं बरोबर लिहिलं, दिवे गेले. आणि पुढच्याच वाक्याचं, 'द स्टार्स आर आउट', तारे गेले. मी चूक अशी खूण करणार तेवढ्यात हात थांबला, कारण तिचं काय चुकलं? शब्द तोच आणि दिवा विझतो नि तारा उगवतो. त्या संध्याकाळी वस्तीवर लाइट गेलेलीच होती, पोरांना अंगणात बसवलं. म्हटलं, वर बघा, आता दोन्ही वाक्यं खरी आहेत. दिवा आपल्यातून निघून गेला आणि तारा लपला होता तिथून निघून आला, निघणं एकच, आपण कुठे उभे आहोत तेवढाच फरक. तिने दुसऱ्या दिवशी स्वतःहून लिहून आणलं, 'द फ्लॉवर्स आर आउट', फुलं उमलली.

———

सर, फार सुंदर. तुमच्या त्या मुलीला हेही सांगा की हा शब्द आपल्याला परका नाही. आउट आणि संस्कृतातला 'उद्' एकाच मुळाचे आहेत, उद्गम, उद्गार मधला उद्. स्टँड आणि 'स्था' तर सख्खी भावंडं. म्हणजे आउट-स्टँड आणि उद्-स्था, त्यातूनच उत्थान आणि आपलं रोजचं उठणं. उलट आउटरेज घ्या, त्यात आउट दिसतो पण नाहीये, रेजही नाहीये! तो जुन्या फ्रेंचमधून आलाय, मुळात लॅटिन 'अल्ट्रा', पलीकडचं, आणि शेवटचं एज हे करेज, व्हिलेजमधलं.

———

मी परत, धागा काढणारी. काल बाबांना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. ते आता ७८ वर्षांचे आहेत. उठण्याचं ऐकून थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, म्हणजे पैसे अजून उभे आहेत एवढंच लिहिलं होतं होय त्या कागदावर. मी हो म्हटलं. म्हणाले, मग तूही तेवढं काही चुकली नव्हतीस बाळा.