काळ्या गाडीच्या रंगावर पडलेली जाळी: घरच्या घरी पॉलिश आणि वॅक्स करावे का?

खारावारा_रत्नागिरी

नमस्कार. माझ्याकडे २०१७ साली घेतलेली काळ्या रंगाची हॅचबॅक गाडी आहे. ती घरासमोर उघड्यावरच उभी असते. शेजारी हापूसची दोन झाडे आहेत, त्यामुळे मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा बॉनेटवर आणि काचांवर पडत राहतो, आणि एरवी जांभ्याची तांबडी धूळ असतेच. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची आणि आठवड्यातून एकदा बादलीभर पाण्यात तेच फडके बुडवून गाडी पुसायची, अशी आमच्याकडची पद्धत आहे.

उन्हात पाहिले की बॉनेटवर आणि दारांवर कोळिष्टकासारखे बारीक गोल चरे दिसतात. छताच्या मागच्या भागात तळहाताएवढा पांढरट डागही पडला आहे आणि तो बोटाला खरखरीत लागतो. येथील एका गॅरेजमध्ये दर पावसाळ्याआधी ‘रबिंग-पॉलिश’ करून देतात, ते मी आजवर नियमाने करून घेतले. गाडी महिनाभर आरशासारखी दिसते आणि मग जाळी पुन्हा उमटते. आता हे काम घरी करावे असे वाटते. रबिंग, पॉलिश आणि वॅक्स यांत नेमका फरक काय, यंत्र घ्यावे की हाताने करावे, आणि छतावरचा डाग याने जाईल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पत्रा_आणि_लांबी

मी बरीच वर्षे गाड्यांच्या रंगकामात आहे, म्हणून आधी रंगाच्या थरांविषयी सांगतो, कारण ते समजले की उरलेल्या प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर क्लिअरकोट म्हणजे पारदर्शक थर असतो. हे सगळे मिळून साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा थोडे अधिक, भरते. त्यात क्लिअरकोटचा वाटा जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. चकाकी त्याचीच असते, आणि ऊन अडवणारी रसायनेही त्यातच असतात. आपल्याला दिसणारी जाळी ही त्या थराच्या माथ्यावर उमटलेल्या असंख्य बारीक चऱ्यांची असते. चरे खरे तर सर्व दिशांना असतात, परंतु सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल भासतात.

रबिंग कंपाउंड आणि पॉलिश हे दोन्ही घासणारेच पदार्थ आहेत. एक भरड आणि दुसरा बारीक, एवढाच फरक. दोन्ही चरा भरत नाहीत, तर चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअरकोट खाली आणतात. बारीक पॉलिशने एका वेळी एक ते तीन मायक्रॉन जातात, भरड कंपाउंडने आणि जोरात फिरणाऱ्या मशीनने त्याहून अधिक. वॅक्स मात्र काहीही काढत नाही, ते वर बसते. थोडक्यात, पॉलिश ही दुरुस्ती आहे, वॅक्स हे संरक्षण आहे, आणि दुरुस्तीचे भांडवल मर्यादित आहे. दरवर्षी रबिंग करून घेणे म्हणजे ते भांडवल दरवर्षी खर्च करणे होय, आणि गॅरेजवाले हे सहसा बोलून दाखवत नाहीत. महिनाभरात जाळी परत येते याची कारणे दोन असतात: बऱ्याच स्वस्त पॉलिशमध्ये तेले आणि भरण असते, जे चरे तात्पुरते झाकते आणि काही धुण्यांत निघून जाते, आणि दुसरे म्हणजे आपले सकाळचे कोरडे फडके. जांभ्याच्या धुळीत बारीक, कठीण कण असतात. ते कोरड्या रंगावरून ओढले की रोज नवे चरे पडणारच.

आता छताविषयी. पांढरट डाग खरखरीत लागतो आणि त्याच्या कडेला नख अडकते का, ते पाहावे. अडकत असेल तर तेथील क्लिअरकोट सुटू लागला आहे, आणि जगातले कोणतेही पॉलिश तो परत आणणार नाही. तेथे पुन्हा रंग करणे हाच उपाय आहे. उलट त्या भागावर पॉलिश घासले तर सुटलेली कड आणखी उचलली जाईल. कड जाणवत नसेल आणि केवळ मंदपणा असेल, तर बारीक पॉलिश लावून पाहण्यास हरकत नाही.

आणखी एक चाचणी करावी. दाराच्या खालच्या बाजूला पांढऱ्या कापडावर थोडे पॉलिश घेऊन घासावे. कापड काळे झाले तर आपल्या गाडीवर क्लिअरकोट नाही किंवा तेथे उरलेला नाही, असे समजावे. काही जुन्या आणि काही स्वस्त गाड्यांवर साधे रंग क्लिअरकोटशिवाय दिलेले असतात. अशा गाडीवर थेट रंगच घासला जातो. मॅट फिनिशच्या गाडीला तर पॉलिश कधीच लावू नये, हे वाचणाऱ्या इतरांसाठी नोंदवून ठेवतो.

भुईकोट_सोलापूर

वरील उत्तर अगदी नेमके आहे. मी घरी यंत्राने पॉलिश करतो, म्हणून प्रत्यक्ष कामाचा क्रम लिहितो.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम धुण्याचे आहे. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने धूळ वाहून जाऊ द्यावी; कापड लावण्याची घाई करू नये. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून छतापासून खाली यावे, आणि प्रत्येक भाग झाला की मोजा आधी साध्या पाण्यात हलवून, मगच पुन्हा शाम्पूत घालावा. दाराच्या खालच्या पट्ट्या आणि चाकांसाठी कापड निराळे ठेवावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. भांड्यांचा साबण आधीचे वॅक्स धुऊन काढतो, म्हणून पॉलिश करण्याआधी एकदा चालेल, परंतु नेहमीसाठी नको.

आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे, त्यामुळे ते गाडीवर वाळले की पांढरे ठिपके राहतात. कोकणात हा त्रास कमी असावा, पण इकडच्या वाचकांसाठी सांगतो: पांढरे व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन कापडाने ठिपक्यांवर अर्धा-एक मिनिट ठेवावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. क्षार त्यात विरघळतात. ठिपक्याखाली खळगा दिसत असेल तर क्षारांनी क्लिअरकोट खाल्लेला असतो आणि तेथे पॉलिशच लागते.

धुतल्यावर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून हलके फिरवावे. पिशवीमुळे बोटांना बारीकसारीक कण लगेच कळतात. रवाळ लागले तर ब्रेकच्या धुळीतील लोखंडाचे कण आणि वाळलेला डिंक तेथे रुतलेला आहे असे समजून क्ले बार (रंगावर रुतलेले कण ओढून घेणारा, मळलेल्या मातीसारखा मऊ गोळा) वापरावा. पृष्ठभाग ओला आणि निसरडा ठेवून क्ले अलगद फिरवावी, मळली की घडी घालून नवी बाजू घ्यावी, आणि जमिनीवर पडली तर ती टाकूनच द्यावी, कितीही महाग असली तरी. डांबराचे ठिपके रॉकेलने निघतात हे खरे आहे, पण ते रबरी पट्ट्यांना लागू देऊ नये आणि नंतर शाम्पूने धुवावे.

यंत्र घ्यायचेच असेल तर गॅरेजमध्ये असते तसे एकाच अक्षावर फिरणारे बफिंग मशीन घेऊ नये. ते एका जागी थांबले की उष्णता वाढते आणि कडेचा रंग क्षणात जळतो. ड्युअल ॲक्शन म्हणजे डीए मशीन फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही आणि नवशिक्याच्या हातूनही मोठे नुकसान होणे अवघड असते. रबरी पट्ट्या, दाराचे दांडे आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाकाव्यात, कारण कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. गाडी सावलीत आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. मऊ फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके घ्यावेत, दीड-दोन फूट चौरसाचाच भाग घ्यावा, कमी वेगावर पॉलिश पसरवून मग वेग मध्यमाच्या थोडा वर न्यावा, आणि आधी आडवे, मग उभे असे निम्मे एकमेकांवर येणारे पट्टे सावकाश मारावेत. यंत्राचे स्वतःचे वजन पुरेसे असते, वरून दाबण्याची गरज नसते.

सुरुवात नेहमी सर्वांत बारीक पॉलिशने एका कोपऱ्यात करावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून तो भाग पुसून पाहावा. तेल निघून गेल्यावर जे दिसते तेच खरे. तेवढ्याने सत्तर टक्के जाळी गेली तर तेथेच थांबावे. नख अडकेल इतका खोल चरा काढण्याच्या मागे लागू नये, तो क्लिअरकोटच्या पार गेलेला असण्याची शक्यता मोठी असते.

खारावारा_रत्नागिरी

आपल्या दोघांचेही आभार. छताच्या डागाच्या कडेला नख अडकते, त्यामुळे तो प्रश्न निकाली निघाला. पांढऱ्या कापडाला मात्र रंग लागला नाही. आता असे विचारतो की यंत्र न घेता केवळ हाताने बॉनेट आणि दारे करता येतील का, वॅक्स कोणते आणि केव्हा लावावे, आणि आजकाल ज्याची एवढी जाहिरात होते त्या सिरॅमिक कोटिंगचा (रंगावर लावून घट्ट होणाऱ्या पारदर्शक थराचा) माझ्यासारख्याला उपयोग आहे का?

शनिवारची_बादली

हाताने करता येते, आणि माझ्या मते एका गाडीपुरते यंत्र घेण्याची आवश्यकताही नाही. हाताने जाळी पूर्ण जात नाही, मंद होते, हे आधीच मान्य करून काम करावे. फोमच्या ॲप्लिकेटरवर बारीक पॉलिश घेऊन गोल गोल न घासता सरळ रेषेत, मध्यम दाबाने घासावे. एका वेळी फूटभर जागा पुरे. खांदे दुखतात, म्हणून एका दिवशी बॉनेट आणि दुसऱ्या दिवशी दारे असे केले तरी बिघडत नाही. टूथपेस्टचा सल्ला जागोजागी मिळतो, तो मनावर घेऊ नये. तिच्यातील कण गाडीच्या रंगासाठी बनवलेले नसतात आणि त्याखाली काय घडते ते काळ्या रंगावर लगेच दिसते.

वॅक्सबद्दल माझे मत थोडे परखड आहे. डबीवर कार्नाउबा लिहिले म्हणजे ते महिनोन्‌महिने टिकते असे नाही. हे मेण ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते आणि ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे नैसर्गिक मेणांत बरेच कठीण असते. पण डबीत ते इतर मेणे आणि विलायकांबरोबर (थिनरसारख्या द्रवांबरोबर) मिसळलेले असते. शिवाय वैशाखात उघड्यावर उभ्या असलेल्या काळ्या गाडीचे छत ६०-७० अंशांपर्यंत सहज तापते. आपल्याकडे साधे वॅक्स महिना-दोन महिने धरून चालावे. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट त्याहून बरेच अधिक टिकते, दिसायला किंचित कोरडे वाटते इतकेच. उघड्यावरच्या गाडीसाठी मी सीलंटच सुचवीन.

लावताना थर जितका पातळ तितका चांगला. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसायचे कष्ट मात्र वाढतात. धुकट झाल्यावर बोट ओढून पाहावे. रेघ स्वच्छ उमटली की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसावे. काळ्या खरखरीत प्लॅस्टिकला वॅक्स लागू देऊ नये, पांढरे डाग बसतात आणि ते काढणे कटकटीचे असते. मायक्रोफायबरची कापडे इतर कपड्यांबरोबर, आणि फॅब्रिक कंडिशनर घालून, कधीही धुऊ नयेत.

आपल्याकडे वेळ मोहरावरून ठरवावी. मोहर फुटण्याच्या आधी एकदा सीलंट आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा एकदा, एवढे पुरेसे आहे. चिकटा म्हणजे तुडतुड्यांनी टाकलेला साखरेचा पाकच असतो. तो ताजा असताना साध्या पाण्याने सुटतो, पण वाळल्यावर त्यावर धूळ आणि काळी बुरशी धरते आणि मग लोक तो खरवडतात. त्या दिवसांत रोज पाण्याची धार मारावी आणि फडके घरातच ठेवावे. पक्ष्यांची विष्ठाही तशीच ओली करून उचलावी. तिच्यातील आम्ल आणि ऊन मिळून एका दुपारीत क्लिअरकोटवर कायमचा ठसा उमटवू शकतात.

सिरॅमिक कोटिंग चांगले असते, पाणी आणि घाण त्यावर कमी धरते, आणि नीट केलेले असेल तर ते वर्ष-दोन वर्षे टिकते. परंतु ते चरे रोखत नाही. कोरड्या फडक्याची सवय तशीच राहिली तर जाळी कोटिंगवर पडेल, आणि ती काढायला कोटिंगही घासावे लागेल.

पत्रा_आणि_लांबी

वरच्या उत्तरात थोडी भर घालतो, कारण आता छताला रंग करावा लागणार हे नक्की आहे. आधी छताचा रंग करून घ्यावा आणि उरलेल्या गाडीचे पॉलिश त्यानंतर करावे. आधी वॅक्स किंवा सिलिकॉन असलेले पॉलिश लावले तर त्याचा अंश छतावर राहतो आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. चांगला रंगारी छत विलायकाने पुसतोच, पण त्याचे काम वाढवू नये. केवळ डागापुरता रंग मारून घेऊ नये. पूर्ण छत करावे आणि क्लिअरकोट मागच्या खांबावर कोठपर्यंत नेणार हे आधीच विचारावे. पुसट करून मध्येच सोडलेली क्लिअरकोटची कड उन्हात पुन्हा सुटते, म्हणून तो सांध्यापर्यंत किंवा पट्टीखाली नेलेला बरा.

गॅरेजमधला रंग कारखान्यासारखा उच्च तापमानाला भाजलेला नसतो. त्यातील विलायक बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून नव्या छताला महिनाभर तरी वॅक्स किंवा सीलंट लावू नये, आणि रंगाऱ्याने त्याच्या मालासाठी अधिक मुदत सांगितली तर ती पाळावी. तोवर छत केवळ पाण्याने आणि शाम्पूने धुवावे. बॉनेट आणि दारांचे काम मात्र त्या काळात करता येईल, फक्त वॅक्सचे कापड छतावर फिरणार नाही याची काळजी घ्यावी.