सहा वर्षांच्या मुलासाठी डायनासोरच्या डॉक्युमेंटरी सुचवा

रानजाई:
लेकाला डायनासोरचं वेड लागलंय. जेवताना ट्रायसेराटॉप्स, अंघोळीला स्टेगोसॉरस. मधे मावसभावाच्या फोनवर टी-रेक्सच्या मारामारीची कुठलीशी क्लिप बघितली, तेव्हापासून बाथरूमला जायलाही सोबत लागते. पण बघायचं तर आहेच! शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी निवेदन फारसं झेपत नाही. रक्तपात कमी आणि माहिती खरी असं काय आहे? कार्टून नको, ती बघून झालीत.

खडकफोड्या:
'प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट' (२०२२, अ‍ॅपल टीव्ही). डोळे झाकून. निवेदन डेव्हिड अ‍ॅटनबरोंचं. यातले डायनासोर सतत भांडत नाहीत. पिल्लं सांभाळतात, पोहतात, लग्न जमवायच्या खटपटी करतात. जंगलांवरचा भाग आधी लावा. त्यात कार्नोटॉरस नर जागा झाडून साफ करतो आणि आपले ते एवढेसे निळे हात गरागरा फिरवून मादीसमोर नाचतो. ती बघते आणि सरळ चालू पडते. आमच्याकडे पोरं हसून लोळली, भाषा लागलीच नाही. पहिला भाग किनाऱ्यांवरचा, त्यात टी-रेक्स बाप पिल्लांना घेऊन समुद्रात पोहतो आणि खालून मोसासॉर, म्हणजे अवाढव्य समुद्री सरीसृप, येतो. तेवढ्यापुरतं मांडीवर घ्या.

चहाटळ:
बीबीसीची जुनी 'वॉकिंग विथ डायनासोर्स' कशी काय विसरलात? १९९९ची, सहाच भाग. आमची पिढी त्यावरच वाढली.

खडकफोड्या:
विसरलो नाही, मुद्दाम वगळली. पहिल्याच भागात सायनोडाँटचं (सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांचे नातलग) जोडपं बीळ सोडण्याआधी स्वतःचीच पिल्लं खातं. शेवटच्या भागात टी-रेक्सची आई अँकिलोसॉरसच्या शेपटीचा तडाखा बसून मरते, पिल्लं शेजारीच, आणि वर अशनी. सहा वर्षांच्या मुलाला रक्तापेक्षा हे जास्त लागतं. शिवाय माहिती जुनी झालीय: त्यातला लायोप्ल्युरोडॉन हा समुद्री शिकारी २५ मीटरचा दाखवलाय, तो खरा याच्या निम्माही नव्हता. युटारॅप्टर या शिकारी डायनासोरला पिसंच दाखवली नाहीत. नऊ-दहाव्या वर्षी जरूर दाखवा, आणि चुका त्यालाच शोधू द्या.

तीन_पोरांची_आई:
कार्टून नको म्हणालात तरी 'डायनासोर ट्रेन' एकदा बघाच. प्रत्येक भागाच्या शेवटी स्कॉट सॅम्पसन नावाचे खरेखुरे जीवाश्मतज्ज्ञ येऊन बोलतात. माझ्या धाकटीला तेवढाच तुकडा हवा असतो.
थोरल्याला मात्र 'प्लॅनेट डायनासोर' (बीबीसी, २०११) भावली. तिथे गोष्ट मधेच थांबवून कुठल्या हाडावरून काय कळलं ते दाखवतात. 'पण हे यांना कसं माहीत?' असं विचारणारं पोर असेल तर हीच. शिकारी भरपूर आहेत, तेव्हा अजून दोन-तीन वर्षं थांबा.

वैदर्भीय:
सगळे परदेशात फिरून आले, जरा घरी या. 'प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट'च्या दुसऱ्या सीझनमध्ये (२०२३) 'बॅडलँड्स' नावाचा भाग आहे, त्यात आपलं दख्खन आहे. ज्या लाव्हापासून सह्याद्रीचा काळा कातळ झाला तो तिथे उकळताना दिसतो, आणि त्या राखेत आयसिसॉरस या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरच्या माद्या अंडी घालायला येतात. या आयसिसॉरसची हाडं सापडली आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात, डोंगरगावला! नाव कोलकात्याच्या आयएसआयवरून, म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट (शेजाऱ्यांची नव्हे). पोराला आधी नकाशावर चंद्रपूर दाखवा, मग भाग लावा.

रानजाई:
हे भारीच! त्यात मरतं का कुणी?

वैदर्भीय:
अंड्यातून निघालेली पिल्लं पळत सुटतात आणि राजासॉरस हा मांसाहारी डायनासोर टपलेला असतो. हा गुजरातचा, रहिओलीचा गडी. काही पिल्लं जातात, बरीच वाचतात. आधी तुम्ही एकट्या बघून घ्या.

चहाटळ:
म्हणजे गुजरातने विदर्भावर केलेला हल्ला. 😄

खडकफोड्या:
भाषेचं म्हणाल तर आवाज बारीक करून तुम्हीच मराठीत सांगत बसा. याचा आणखी फायदा आहे. भीती चित्रापेक्षा ढोल-ताशाछाप पार्श्वसंगीतातून जास्त येते, ते बंद झालं की टी-रेक्स निम्मा निवतो. अख्खा भाग एका बैठकीत संपवायलाच हवा असंही नाही. आणि दिवसा दाखवा, झोपायच्या आधी नको.

रानजाई:
ठरलं तर. रविवारी सकाळी कार्नोटॉरसचा नाच, तो पचला की पुढच्या आठवड्यात चंद्रपूर. मोसासॉरचं नंतर बघू. सगळ्यांचे आभार. आणि वैदर्भीय, ती हाडं डोंगरगावात बघायला मिळतात का?

वैदर्भीय:
छे, संशोधनासाठी केव्हाच हलवली. सांगाडाच बघायचा असेल तर कोलकात्याला त्याच संस्थेच्या संग्रहालयात बारापासॉरस उभा आहे, खऱ्या हाडांचा. पण तो जुरासिक काळातला, आयसिसॉरसच्या कितीतरी आधीचा. लेकाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो तिथल्या लोकांना सांगेल.